कोंबडीच्या वाट्याचं रडणं

आगाशेबाई फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नसत. "बोला," म्हणत. आणि आपलं वाक्य संपतंय न संपतंय तोच "झालं?" असं विचारून ठेवून देत. पहिल्यांदा अनुभव येणाऱ्याला वाटायचं, काहीतरी चुकलं आपलं. चुकलेलं काही नसायचं. बाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून झाली होती. दुसऱ्यांची बोलणी जोडून देता देता स्वतःच्या बोलण्यातला पाल्हाळ त्यांनी कधीच छाटून टाकला होता. "माणसं तीन मिनिटांत बाळंतपण, मयत आणि जावयाचा स्वभाव एवढं सगळं सांगायची," त्या म्हणत. "आता तासभर बोलतात आणि सांगत काहीच नाहीत."

बिबवेवाडीत आमची रो-हाउसची जुनी वसाहत आहे. त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीला लागून. प्रत्येक घराला मागे छोटंसं अंगण, अंगणाला लोखंडी फाटक, फाटकापलीकडे बोळ आणि बोळापलीकडे जुनं गावठाण. यजमान गेल्यानंतर बाई एकट्याच राहत. मूलबाळ नव्हतं. नारायण पेठेतून त्यांचा धाकटा भाऊ श्रीधर दर रविवारी स्कूटरवरून यायचा, चहा प्यायचा, वर्तमानपत्रातल्या बातम्यांवर चिडायचा आणि जायचा.

बाईंना माणसांचा तिटकारा होता असं नाही. त्यांना लांबण लावलेली खपत नसे. वसाहतीच्या सभेत आमचे सेक्रेटरी पेंडसे प्रास्ताविक करत असताना त्या मधेच उठून म्हणाल्या होत्या, "मुद्दा येणार असेल तर थांबते. नाहीतर कुकर लावून येते." पेंडसे हसले, पण पुढच्या सभांमध्ये बाई आल्या की त्यांचं प्रास्ताविक आपोआप आटोपशीर व्हायचं.

माझे वडील गेले त्या सकाळी आम्हाला काही सुचत नव्हतं. बाई आल्या, अण्णांच्या पायांना हात लावला आणि आमच्या फोनपाशी खुर्ची ओढून बसल्या. नातेवाइकांचे नंबर अनघाने, माझ्या बायकोने, एकेक करून सांगितले. बाईंनी सगळ्यांना एकाच आवाजात एकच निरोप दिला. "कुलकर्ण्यांकडून बोलतेय. अण्णा पहाटे गेले. अकराला नेणार. सावकाश या, गाडी नीट चालवा." पलीकडून रडणं सुरू झालं की त्या थांबत. घाई करत नसत. रडणं ओसरलं की मग "ठेवते," म्हणत. तेव्हा मला कळलं की या बाईंचं 'झालं?' उद्धटपणाचं नाही. रडणाऱ्याला त्या वेळ द्यायच्या. पाल्हाळिकाला द्यायच्या नाहीत.

अशा बाईंकडे कोंबडी आली ती बोळातून.

गावठाणातल्या हिराबाई कोंबड्या पाळायच्या. साठीच्या पुढच्या, नऊवारी नेसणाऱ्या, आवाजाने खणखणीत. त्यांच्या एका पिलाच्या उजव्या पायाची बोटं आखडलेली होती. बाकीची पिलं त्याला टोचायची म्हणून ते बोळ ओलांडून बाईंच्या फाटकाखालून आत शिरायचं आणि कढीपत्त्याच्या बुंध्याशी बसून राहायचं. बाईंनी ते उचलून दोनतीनदा परत नेऊन दिलं. शेवटी हिराबाईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की तुमच्याकडंच. पायानं अधू हाय. हितं ऱ्हायली तर एखाद्या रविवारी सुरीखाली जायाची."

आगाशेबाईंच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नव्हतं. त्यांनी थोडा वेळ पिलाकडे बघितलं. "खाते काय ही?" त्यांनी विचारलं. बस्स, एवढ्यावर कोंबडी त्यांची झाली.

ती वाढली, तांबूस काळी झाली, मानेवर सोनेरी झाक आली. पायामुळे तिची चाल वेगळी होती. एक पाऊल टाकायची, थांबायची, मान तिरकी करून बघायची, मग दुसरं टाकायची. बाई म्हणाल्या, "एक्स्चेंजमध्ये आमच्या खुर्च्यांमागून आमची सुपरवायझर अशीच फिरायची. आम्ही तिला मुकादम म्हणायचो." कोंबडीचं नाव मुकादम पडलं. जुन्या कुलरच्या सांगाड्याला जाळी मारून तिच्यासाठी खुराडं झालं. दिवसा ती अंगणात मोकळी असायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत तिला परवानगी होती, पुढे नाही. बाई भाजी निवडायला बसल्या की ती उंबऱ्याशी एक पाय पोटाशी घेऊन उभी राहायची आणि काकडीच्या बियांची वाट बघायची. भिंतीपलीकडून मला बाईंचं बोलणं ऐकू यायचं. माणसांशी चार शब्दांत आटोपणाऱ्या बाई कोंबडीशी सविस्तर बोलत. दूधवाल्याने काय केलं, गुडघा कुठे दुखतोय, श्रीधर कसा दिवसेंदिवस वडिलांसारखा हेकट होत चाललाय, सगळं. मुकादम मधूनमधून घशातल्या घशात कुरकुरायची. एकदा मी बाईंना गमतीने म्हणालो, "तिला बरं तुम्ही 'झालं?' असं विचारत नाही." त्या म्हणाल्या, "तिचं होतच नाही. नेहमी काहीतरी राहिलेलं असतं तिचं."

अंडी त्या खात नसत. सामायिक भिंतीवर वाटीत ठेवायच्या. "सकाळचं आहे," एवढंच म्हणायच्या. आमच्याकडे ते अंडं खाताना अनघा मुलीला म्हणायची, सांडू नकोस, मुकादमचं आहे.

त्याच अंगणाच्या फाटकाशी एक कुत्राही जेवायचा. पिवळट, कान चावलेला, कुणाचाच नसलेला. एका उन्हाळ्यात तो आला आणि गेलाच नाही, म्हणून बाई त्याला पाहुणा म्हणायच्या. दुपारी त्याच्या ताटलीत दूधपोळी पडायची. मुकादम लंगडत जायची आणि त्याच्या ताटलीतले पोळीचे तुकडे टिपायची. तो मागे सरून बसायचा. तिचं झालं की पुढे यायचा. हे दृश्य आम्ही इतक्यांदा बघितलं होतं की त्याचं आश्चर्य वाटेनासं झालं होतं. वसाहतीतली मुलं मोबाईलवर त्याचे व्हिडिओ काढायची.

नोव्हेंबर होता. बाई पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेल्या होत्या. हल्ली तो फोनवरूनही देता येतो. पण त्यांचं म्हणणं, जिवंत आहे हे प्रत्यक्ष जाऊन दाखवलेलं बरं. मी तापामुळे घरी पडून होतो. दुपारी भिंतीपलीकडून एक आवाज आला. कोंबडी एरवी ओरडते तसा नव्हता. एकदाच आला आणि तुटला. मी उठून मागे गेलो. भिंतीवरून पाहिलं तर फाटक अर्धं उघडं होतं आणि पाहुण्याच्या तोंडात मुकादम होती.

मी ओरडलो. त्याने तिला टाकलं आणि तो तिथेच उभा राहिला. पळालासुद्धा नाही. मी बोळातून वळसा घालून आत गेलो तोवर तो फाटकाबाहेर जाऊन बसला होता, रोज बसायचा त्याच जागी. ताटली पालथी पडली होती. पिसं कढीपत्त्यापासून खुराड्यापर्यंत पसरली होती. मी मुकादमला उचललं. ती गरम होती. तिचं काळीज माझ्या बोटांना लागत होतं, मग लागेनासं झालं.

बाई रिक्षातून उतरल्या तेव्हा मी त्यांच्या दारात उभा होतो. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "बोला."

मी सांगितलं. त्या घरातून सरळ मागे गेल्या. अंगणात उभं राहून त्यांनी सगळं बघितलं, पिसं, ताटली, मी टॉवेलावर ठेवलेली मुकादम. मग फाटकाकडे बघितलं. फाटकाच्या कडीला हात लावला.

"मी ओढून घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "कडी घातली नाही. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता."

मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही आलात तेव्हा होती?"

"होती. थोडा वेळ."

"मग तुम्ही काय केलंत?"

"हातात घेतली."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि खुराड्याला टेकून खाली जमिनीवर बसल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं. आवाज नव्हता. तोंड उघडं होतं आणि श्वास आत जायला अडत होता. मला तिथे थांबवेना आणि तिथून निघवेना.

उघड्या फाटकातून आम्हाला बघून हिराबाई आत आल्या. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं. बाई खुरप्याने कढीपत्त्याशी माती उकरायला लागल्या, पण ती माती दगडासारखी झाली होती. "तुमच्यानं न्हाई व्हायाचं ते," असं म्हणून हिराबाई घरी जाऊन कुदळ घेऊन आल्या. पदर खोचून त्यांनी स्वतःच खड्डा खणला. जन्मभर कोंबड्या कापलेली ती बाई. मुकादमला खाली ठेवताना तिचा तो आखडलेला पाय त्यांनी हळूच सरळ करून बघितला, तो झाला नाही, तशीच ठेवली. माती लोटून झाल्यावर म्हणाल्या, "आमच्यात कोंबडीसाठी कुणी रडत न्हाई, बाई. पर तुमी रडा. तुमची एकच हुती."

त्यानंतरच्या दिवसांत लोक येत राहिले. वाईट नव्हते कुणी. पण कोंबडीच्या मरणाला कसं भेटायला जातात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी दारातूनच हसत म्हणाला, "काय बाई, ऐकलं ते खरं का?" कुणी म्हणालं, दुसरी आणून देतो, बाजारात हव्या तेवढ्या मिळतात. एका सद्गृहस्थांनी रश्श्याचा विनोद केला. बाई म्हणाल्या, "तुमचे वडील गेले तेव्हा मी विनोद केल्याचं आठवत नाही." ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

रविवारी श्रीधर आला. त्याने बहिणीचे सुजलेले डोळे पाहिले. तो मायाळू होता. वाचलेलं होतं त्याने पुष्कळ. मी अंगणात तुटलेली जाळी सरळ करत होतो, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"ताई, खरं सांगू का," तो म्हणाला, "तू या कोंबडीसाठी रडत नाहीयेस. भाऊजी गेले तेव्हा तू डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतंस. ते आत साठलेलं आता बाहेर पडतंय."

मग बाईंचा आवाज आला, फोनवरच्यासारखा, सपाट.

"श्रीधर, ते गेले तेव्हा मी किती रडले ते तुला माहीत नाही. तू तेराव्यानंतर गेलास, त्यानंतर रडले. वर्षभर रडले. ते रडणं त्यांचं होतं, त्यांना पोचलं. हे कोंबडीचं आहे. ती रोज सकाळी मला हाक मारायची. आता कुणी मारत नाही. कडी मी घातली नाही. यात तुझ्या भाऊजींचा काही संबंध नाही. तिच्या वाट्याचं रडणं तू दुसऱ्याच्या नावावर चढवू नकोस."

श्रीधर चहा न पिता गेला. मला वाटलं दुखावला असेल. पण पुढच्या रविवारी तो आला आणि काही न बोलता बाईंशेजारी अंगणाच्या पायरीवर बसून राहिला. त्या दिवशी बातम्यांवरही चिडला नाही.

कुत्र्याचा प्रश्न मात्र वसाहतीने हातात घेतला. पेंडसे दोघातिघांना घेऊन बाईंकडे आले. बाईंनी मलाही बोलावून घेतलं. पेंडसे म्हणाले, आज कोंबडी आहे, उद्या एखादं मूल असेल. महापालिकेच्या गाडीवाल्यांना आपण नुसतं सांगून भागत नाही, ते नसबंदी करून परत आणून सोडतात. तुमच्या नावाने जोरदार तक्रार गेली तर काहीतरी कायमचं करता येईल.

"कायमचं म्हणजे?" बाईंनी विचारलं.

एकजण म्हणाला, "करणारे असतात, काकू. आपल्याला बघायला नको."

"कुत्र्याने कुत्र्याचं काम केलं," बाई म्हणाल्या. "कडीचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. तक्रार करायची तर माझ्याविरुद्ध करा. झालं?"

सगळे उठले.

पाहुण्याला त्या जेवायला घालत राहिल्या. हे मी जवळून बघितलं आणि ते बघणं सोपं नव्हतं. पूर्वी ताटली ठेवताना त्या त्याच्याशी दोन शब्द बोलायच्या, कानामागे खाजवायच्या. आता फाटक उघडायच्या, ताटली ठेवायच्या, कडी घालायच्या, कडी ओढून बघायच्या आणि पाठ फिरवून आत जायच्या. तो शेपूट हलवत उभा राहायचा. त्याला काही कळत नव्हतं. एकदा अनघाने न राहवून विचारलं, "बाई, तुम्हाला त्याचा राग नाही येत?" त्या म्हणाल्या, "येतो ना. बघवत नाही त्याच्याकडे. पण भूक त्याला रोजच्यासारखीच लागते."

डिसेंबरातल्या एका सकाळी पाहुणा बोळात एका उभ्या गाडीखाली सापडला. तोंडाला फेस होता. पाय ताठले होते. जवळ कागदात गुंडाळलेल्या खिम्याचे उरलेले तुकडे होते. खिमा बाईंच्या घरचा नव्हता हे सांगायची गरज नव्हती.

बाई बाहेर आल्या. त्या कुत्र्याशेजारी त्यांना गुडघ्यामुळे बसता येईना, म्हणून वाकून त्यांनी त्याच्या कानामागे हात ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. रडल्या नाहीत. महापालिकेची गाडी येऊन त्याला घेऊन जाईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग घरात गेल्या.

थोड्या वेळाने आमचा फोन वाजला. मी उचलला.

"आगाशे बोलतेय. कुत्र्याला तुम्ही घातलंत का?"

मी गडबडलो. "बाई, मी? अहो..."

"हो किंवा नाही सांगा."

"नाही."

"ठेवते."

आणि मग भिंतीपलीकडून मला तोच प्रश्न पुन्हा ऐकू आला. पुन्हा आला. वसाहतीतल्या सगळ्यांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. त्या एकेका घराला फोन लावत होत्या. तोच आवाज, तेच शब्द, ना वर ना खाली. "आगाशे बोलतेय. कुत्र्याला तुम्ही घातलंत का?" थांबणं. "ठेवते." अनघा स्वयंपाकघरातून येऊन माझ्याजवळ उभी राहिली. आम्ही दोघं भिंतीकडे बघत ऐकत होतो. सगळी वसाहत त्या सकाळी घरोघर गप्प बसून आपला फोन वाजायची वाट बघत असणार. एका फोनला त्या जास्त वेळ थांबल्या. "ठेवते" लगेच आलं नाही. मग आलं, आधीच्यासारखंच.

दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. त्या फोनच्या खुर्चीतच बसलेल्या होत्या.

"कुणी कबूल केलं?" मी विचारलं.

"छे. सगळे नाही म्हणाले."

"मग?"

"त्यातला एकजण खोटं बोलला."

"कोण?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, चेहरा एकदम लहान दिसत होता. "कुलकर्णी, नाव सांगितलं तर तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकाल, मग दुसरे टाकतील, मग तो म्हणेल मी वसाहतीच्या भल्यासाठी केलं, आणि निम्मे म्हणतील बरोबर आहे. त्यातून काय मिळायचं आहे मला? त्याला कळलंय की मला कळलंय. तेवढं पुरे."

"पण तुम्ही म्हणाला होतात, कुत्र्याचा राग येतो."

"राग माझा होता," त्या म्हणाल्या. "त्यांना कुणी दिला वापरायला?"

नाव त्यांनी कधीच सांगितलं नाही. संक्रांतीला त्या सगळ्या घरी तिळगूळ घेऊन गेल्या, अगदी सगळ्या. प्रत्येक दारात एकाच आवाजात "तिळगूळ घ्या," म्हणाल्या. 'गोड बोला' म्हणाल्या नाहीत. त्या घरांपैकी एका घरात तो तिळगूळ कुणाला गिळवला नसेल. आजही कुणी पेंडशांकडे संशयाने बघतं, कुणी दुसऱ्याकडे. माझ्याकडेही बघत असतील.

हिराबाईंनी फेब्रुवारीत टोपलीतून एक तलंग आणली, अंड्यावर यायला आलेली कोवळी कोंबडी, पांढरी, देखणी, पाय धड असलेली. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, हिराबाईंना चहा दिला आणि टोपली परत पाठवली. "मला जमत होतं ते एकदाच जमलं," म्हणाल्या. त्यानंतर भिंतीपलीकडून बोलणं ऐकू येणं बंद झालं. दिवसभरात फक्त भांड्यांचा आवाज यायचा. आणि संध्याकाळी फाटकाची कडी ओढून बघण्याचा, एकदा, पुन्हा एकदा, काही वेळाने पुन्हा. आत-बाहेर करायला तिथे कुणी उरलं नव्हतं, तरी. अनघा एकदा म्हणाली, तू जाऊन थांबव त्यांना. मी गेलो नाही. काय सांगणार होतो?

पावसाळ्याआधी त्यांनी घर विकलं आणि विश्रांतवाडीला पुतणीच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर लहान फ्लॅट घेतला. श्रीधरने पेठेत ये म्हटलं होतं, त्या नको म्हणाल्या. मी दिवाळीनंतर भेटायला गेलो. घर लख्ख होतं. बाल्कनीला कबुतरांची जाळी होती आणि बाल्कनीचं दार बंद होतं. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरत होतं. आमच्या मुलीचं, अनघाच्या नोकरीचं त्यांनी विचारलं. मी लांबण लावली तरी त्यांनी मला मधे तोडलं नाही, आणि त्याचंच मला वाईट वाटलं. बिबवेवाडीबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

निघताना त्या नको म्हणत असतानाही लिफ्टने खाली सोडायला आल्या. आळंदी रोडवर वाहनं तुंबली होती, रिक्षा मिळेना, म्हणून आम्ही इमारतीच्या दाराशी उभे राहिलो. कुठूनतरी एक कुत्र्याचं पिल्लू आलं. काळं, पोट फुगलेलं, जेमतेम चालणारं. ते सरळ बाईंकडे गेलं, त्यांची चप्पल हुंगली आणि साडीच्या काठाला नाक लावून तिथेच बसलं.

बाई हलल्या नाहीत. खालीही बघितलं नाही. समोरच्या वाहनांकडे बघत राहिल्या.

मला रिक्षा मिळाली. बसल्यावर मी मागे वळून हात केला, पण त्यांना हात करता आला नाही. त्यांचा उजवा हात खाली पिल्लाकडे निघाला होता, आणि डाव्या हाताने त्यांनी तो मनगटाला घट्ट धरून ठेवला होता.